नोकिया ८०८ : एकेचाळीस मेगापिक्सेलचा हिशेब

नोकियाने ‘८०८ प्युअरव्ह्यू’ हा फोन २७ फेब्रुवारी २०१२ रोजी बार्सिलोनाच्या मोबाइल वर्ल्ड काँग्रेसमध्ये जाहीर केला, तेव्हा बाजारातल्या उत्तम फोनना ८ मेगापिक्सेलचा कॅमेरा असे. ८०८चा सेन्सर ४१ मेगापिक्सेलचा होता. बाकीचा फोन मात्र दोन-तीन वर्षे जुना वाटावा असा. प्रोसेसर एकाच कोअरचा, १.३ गिगाहर्ट्झचा. रॅम ५१२ एमबी. पडदा चार इंची, पण ६४० बाय ३६० पिक्सेलचा. आणि चालायला सिंबियन ही प्रणाली, जिच्यावरून हळूहळू बाजूला होण्याचा निर्णय नोकियाने वर्षभर आधीच जगजाहीर केला होता. त्याच प्रदर्शनात एचटीसीने चार कोअरचा ‘वन एक्स’ आणला होता. कागदावरचे आकडे शेजारी शेजारी ठेवले की ८०८ एका बाबतीत अविश्वसनीय आणि बाकी सर्व बाबतींत मागासलेला दिसे. या फोनच्या हार्डवेअरची किंमत लोकांना कळलीच नाही, की जी झाली तीच त्याची खरी किंमत, हा वाद तेव्हाच सुरू झाला. तो नीट समजायचा तर फोनमध्ये कॅमेरा कसा आला आणि तो मेगापिक्सेलमध्ये मोजण्याची सवय कशी लागली, तिथून सुरुवात करावी लागते.

जपानमध्ये नोव्हेंबर २०००मध्ये जे-फोन या कंपनीच्या ग्राहकांसाठी शार्पने जे-एसएच०४ हा फोन काढला. त्यात जेमतेम १ लाख १० हजार पिक्सेलचा कॅमेरा होता, पण काढलेले छायाचित्र त्याच फोनवरून पाठवता येत असे आणि लोकांना त्याचेच अप्रूप होते. नोकियाचा कॅमेरा असलेला पहिला फोन ७६५०. तो २००२मध्ये दुकानांत आला. त्याच्या चित्रात ६४० बाय ४८० पिक्सेल, म्हणजे तीन लाखांच्या आसपास. पुढे दरवर्षी हा आकडा चढत गेला. २००५मध्ये नोकियाने जर्मनीच्या कार्ल झाइस या भिंगे बनवणाऱ्या जुन्या कंपनीशी हातमिळवणी करून एन९० काढला. २ मेगापिक्सेल आणि आपोआप फोकस. २००७च्या मार्चमध्ये विक्रीला आलेला एन९५ पाच मेगापिक्सेलचा होता. २००९ सरेपर्यंत सॅमसंगचा पिक्सॉन१२ आणि सोनी एरिक्सनचा सॅटिओ १२ मेगापिक्सेलवर पोहोचले होते.

हा आकडा दुकानदाराला सांगायला सोपा आणि गिऱ्हाइकाला समजायला सोपा. पाचापेक्षा आठ जास्त, आठापेक्षा बारा जास्त. अडचण एवढीच, की फोनची जाडी वाढवता येत नसल्याने सेन्सर होता तेवढाच राही आणि त्याच नखाएवढ्या जागेत जास्त पिक्सेल कोंबावे लागत. पिक्सेल म्हणजे प्रकाश गोळा करणारी एक चिमुकली वाटी समजावी. वाटी लहान झाली की तिच्यात प्रकाश कमी साठतो, आणि मावळतीला किंवा घरातल्या दिव्याखाली काढलेल्या चित्रात रंगीत ठिपक्यांचा कचरा दिसू लागतो. २०१०च्या सुमारास जाणकार परीक्षक वाचकांना वारंवार बजावू लागले होते : मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नका, सेन्सर केवढा आहे ते विचारा. सल्ला अगदी रास्त होता. पण तोच ऐकून तयार झालेल्या कानांवर दोन वर्षांनी ‘४१’ हा आकडा पडला, आणि जाणकारांनाच तो फसवणुकीसारखा वाटला.

सेन्सरच्या आकाराकडे नोकियाने त्याआधीच लक्ष वळवले होते. २०१०च्या एन८ या फोनचा कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा, म्हणजे आकड्याने नवा नव्हता; पण त्याचा सेन्सर १/१.८३ इंची होता. त्या काळच्या बहुतेक छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांत १/२.३ इंची सेन्सर असे. म्हणजे फोनचा सेन्सर खिशातल्या कॅमेऱ्याच्या सेन्सरपेक्षा मोठा झाला होता. इथे या ‘इंचां’बद्दल एक खुलासा हवा, कारण त्यांनी आजवर असंख्य ग्राहकांचा घोटाळा केला आहे. हे माप सेन्सरचे नाहीच. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांत काचेच्या नळ्या असत, त्यांच्या बाहेरच्या व्यासावरून हे नाव पडले आणि नळ्या गेल्या तरी टिकून राहिले. ‘एक इंची’ म्हणवणाऱ्या सेन्सरचा कर्ण प्रत्यक्षात १६ मिलिमीटरच्या आसपास असतो. इंचांऐवजी चौरस मिलिमीटर पाहिले, की कोणाकडे किती जागा आहे ते लगेच कळते.

८०८चा सेन्सर १/१.२ इंची, म्हणजे १०.६७ बाय ८ मिलिमीटर. साधारण ८५ चौरस मिलिमीटर. ऑक्टोबर २०११मध्ये आलेल्या आयफोन ४एसच्या सेन्सरचे क्षेत्रफळ सुमारे साडेपंधरा चौरस मिलिमीटर. पाचपटीहून अधिक फरक. आणि खरी मेख पुढे आहे. ८०८च्या प्रत्येक पिक्सेलची बाजू १.४ मायक्रॉन होती. आयफोन ४एसच्या पिक्सेलचीही तेवढीच. ज्या छोट्या वाट्यांची भीती घातली जात होती, त्या ८०८मध्ये लहान केलेल्याच नव्हत्या. आकार तोच ठेवून संख्या पाचपट केली होती, आणि त्यासाठी लागणारी जागा खरोखर उपलब्ध करून दिली होती. ‘एवढ्याशा फोनमध्ये ४१ मेगापिक्सेल म्हणजे नुसती जाहिरात’ असे म्हणणाऱ्यांनी भागाकाराचे एक साधे गणित मांडले असते, तरी त्यांचा आक्षेप तिथेच संपला असता.

४१ हा आकडा आणखी एका अर्थाने फसवा होता, आणि त्यात थोडा दोष नोकियाचाही. त्या फोनमधून ४१ मेगापिक्सेलचे चित्र कधी निघतच नसे. लेन्समधून येणारा प्रकाश गोल पडतो आणि सेन्सर आयताकृती असतो. चार-तीन प्रमाणाचे चित्र हवे असेल तर त्या गोलात बसणारा एक आयत वापरायचा, सोळा-नऊ प्रमाणाचे हवे असेल तर दुसरा, जास्त रुंद आणि कमी उंच. दोन्ही आयत मावावेत म्हणून सेन्सर मोठा घेतला होता. त्याचे कोपरे कोणत्याच चित्रात येत नसत. पहिल्या प्रकारात जास्तीत जास्त ३८ मेगापिक्सेल मिळत, दुसऱ्यात ३४. आणि तेसुद्धा नेहमीच्या वापरासाठी नव्हतेच. फोन हातात घेऊन कॅमेरा उघडला आणि बटण दाबले, की चित्र निघे ते पाच मेगापिक्सेलचे.

या पाचातच सगळी कल्पना होती. ३८ मेगापिक्सेलचे चित्र पाचात आणायचे तर सेन्सरवरच्या सात-आठ पिक्सेलांची माहिती एकत्र करून चित्रातला एक पिक्सेल बनवावा लागतो. समजा, अंधूक खोलीतल्या एका निळ्या भिंतीचे चित्र घेतले. भिंत एकसारखी निळी असली तरी सेन्सरचे शेजारशेजारचे पिक्सेल ती नेमकी तशी नोंदवत नाहीत. एक जरा जास्त उजळ दाखवतो, दुसरा जरा काळपट, तिसऱ्यात तांबूस छटा डोकावते. या चुका कोणत्याही एका दिशेला झुकलेल्या नसतात, म्हणून सात जणांच्या नोंदींची सरासरी काढली की त्या एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात. संख्याशास्त्राच्या नियमाप्रमाणे सात नोंदींच्या सरासरीत असा गोंधळ सातच्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे अडीच पटींनी, कमी होतो. भिंत पुन्हा निळी दिसते. रंगांचेही तसेच. सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजतो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. सात-आठ पिक्सेल मिळून एक बनत असेल तर तिन्ही रंग प्रत्यक्ष मोजलेले मिळतात आणि अंदाजाचा भाग फार थोडा उरतो.

दुसरा फायदा झूमचा. फोनमध्ये खरे, म्हणजे भिंगे पुढेमागे सरकवणारे झूम बसवण्याचा प्रयोग नोकियाने २००६मध्ये एन९३मध्ये करून पाहिला होता. तिप्पट झूम मिळाले, पण तो फोन हातात धरायच्या व्हिडिओ कॅमेऱ्यासारखा अवजड झाला. शिवाय अशा छोट्या झूम लेन्समध्ये दूरचे जवळ आणताना प्रकाश सहसा कमी येतो आणि सरकणारे भाग झिजतात. ८०८मध्ये काहीच सरकत नव्हते. पूर्ण सेन्सरवरून पाच मेगापिक्सेलचे चित्र घेताना सात-आठाला एक असा हिशेब असे. झूम करत गेले की सेन्सरच्या मधला लहान लहान भाग वापरला जाई आणि हिशेब पाचाला एक, तिनाला एक असा उतरत येई. एकाला एक झाला की फोन तिथेच थांबे. त्यापुढे नेणे म्हणजे नसलेला तपशील खोटा भरणे, आणि तशी मुभा कॅमेऱ्याने दिलीच नव्हती. पाच मेगापिक्सेलला हे झूम जवळपास तिप्पट मिळे. पूर्ण एचडी व्हिडिओला चौपट, कारण ७७२८ पिक्सेल रुंदीच्या सेन्सरमध्ये १९२० पिक्सेलची चौकट चार वेळा बसते. ७२० ओळींच्या व्हिडिओला सहापट. लेन्स तीच, त्यामुळे झूम कितीही केले तरी लेन्समधून प्रकाश तेवढाच येत राही.

एवढी माहिती क्षणाक्षणाला चाळायची कोणी, या प्रश्नाच्या उत्तरात ‘एक कोअरचा मागास प्रोसेसर’ या टीकेचे निम्मे उत्तर आहे. कॅमेऱ्याचे काम त्या प्रोसेसरकडे नव्हतेच. त्यासाठी स्वतंत्र चिप बसवली होती आणि ती सेकंदाला शंभर कोटींहून अधिक पिक्सेल हाताळू शकते असे नोकियाने आपल्या तांत्रिक निवेदनात म्हटले होते. परीक्षणांतल्या तक्त्यांत प्रोसेसर, रॅम आणि पडदा यांचे रकाने असत. या चिपसाठी रकानाच नव्हता. तसेच एनडी फिल्टर, यांत्रिक शटर, झेनॉन फ्लॅश आणि मोठा आवाजही न फाटता टिपणारे मायक्रोफोन यांचे. पहिल्या दोन गोष्टी नेहमीच्या फोनांत सापडणे कठीण. एनडी फिल्टर म्हणजे भर उन्हात लेन्ससमोर येणारी काळसर काच, गॉगलसारखी. झेनॉन फ्लॅश क्षणाच्या अगदी लहान भागात प्रचंड उजेड टाकतो, त्यामुळे रात्रीच्या कार्यक्रमात नाचणाऱ्याचा उचललेला पाय चित्रात जागच्या जागी थांबलेला दिसतो. साध्या एलईडीच्या उजेडात तोच पाय फरकटतो.

हातात घेतल्यावर या सगळ्याची किंमत जाणवत असे, दोन्ही अर्थांनी. फोन १६९ ग्रॅमचा. जाडी १३.९ मिलिमीटर, आणि कॅमेऱ्याच्या ठिकाणी पाठीवर आलेल्या उंचवट्यापाशी जवळपास १८. आयफोन ४एस ९.३ मिलिमीटर जाड होता. टेबलावर ठेवला की ८०८ एका बाजूने उचललेला राही. कडेला कॅमेऱ्याचे वेगळे बटण होते : अर्धे दाबले की फोकस, पूर्ण दाबले की चित्र, जुन्या कॅमेऱ्यासारखे. भारतात तो २०१२च्या जूनमध्ये तेहतीस हजार रुपयांच्या वर किमतीला आला.

विरोधी बाजूचे आक्षेपही पोकळ नव्हते. पडद्यावर एकूण २ लाख ३० हजार पिक्सेल होते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात आलेल्या सॅमसंग गॅलेक्सी एस३च्या पडद्यावर बरोबर चौपट. म्हणजे उत्तम चित्र काढायचे आणि ते भरड पडद्यावर पाहायचे. याला कारण सिंबियनची चौकट होती. त्या पिढीचे जवळजवळ सगळे सिंबियन फोन याच ६४० बाय ३६०च्या मापात अडकले होते. सेन्सरच्या मागून प्रकाश घेण्याची, अंधारात उपयोगी पडणारी रचना आयफोन ४एसमध्ये होती, ८०८मध्ये नव्हती. हात हलला तर सावरून घेणारी लेन्सची यंत्रणाही नव्हती. मोठ्या सेन्सरने या दोन्ही उणिवा बऱ्याच भरून काढल्या, तरी त्या उणिवा होत्याच.

सर्वांत जड आक्षेप हार्डवेअरबाहेरचा होता. २०१२च्या एप्रिलमध्ये इन्स्टाग्राम अँड्रॉइडवर आले आणि त्याच आठवड्याभरात फेसबुकने शंभर कोटी डॉलरला ते विकत घेण्याचा करार केला. लोक फोनने चित्रे काढून काय करतात याचे उत्तर त्या महिन्यात लख्ख दिसले. सिंबियनसाठी इन्स्टाग्रामने आपले अ‍ॅप कधीच काढले नाही. फोनच्या इतिहासातला तोवरचा सर्वांत समर्थ कॅमेरा चित्रे दाखवण्याच्या सर्वांत मोठ्या दालनाबाहेर उभा राहिला. मोबाइल उद्योगाच्या जीएसएमए या संघटनेने बार्सिलोनातच ८०८ला त्या प्रदर्शनातल्या सर्वोत्तम नव्या फोनचा पुरस्कार दिला होता, ही त्याच्या हार्डवेअरला मिळालेली दाद होती. ती न्याय्यच होती. आणि ज्या ग्राहकाने तरीही दुसरा फोन घेतला, त्याचेही चुकले म्हणता येत नाही. त्याला कॅमेऱ्याबरोबर अ‍ॅप्सचे जग हवे होते आणि नोकिया ते देऊ शकत नव्हती.

का देऊ शकत नव्हती, याचे उत्तर वर्षभर आधीच्या घटनांत आहे. सप्टेंबर २०१०मध्ये मायक्रोसॉफ्टमधून आलेले स्टीफन एलॉप नोकियाचे प्रमुख झाले. फेब्रुवारी २०११मध्ये त्यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलेले पत्र बाहेर फुटले. त्यात कंपनीची तुलना समुद्रातल्या पेटलेल्या तेलफलाटावर उभ्या असलेल्या माणसाशी केली होती. काही दिवसांतच, ११ फेब्रुवारीला, नोकियाने यापुढे मायक्रोसॉफ्टची विंडोज फोन प्रणाली आपल्या प्रमुख फोनांत वापरण्याचे जाहीर केले. ८०८चे काम त्याच्या कितीतरी आधी, सिंबियन नोकियाचा कणा होती तेव्हा, सुरू झाले होते. कल्पनेपासून फोनपर्यंत सुमारे पाच वर्षे गेली. फिनलंडमधल्या टाम्पेरे शहरात नोकियाचा कॅमेरा विभाग होता. एरो साल्मेलिन, युहा अलाकार्हू आणि इंग्लंडचे डेमियन डिनिंग ही त्या कामाशी जोडलेली ठळक नावे. प्रणाली बदलली तेव्हा सेन्सर, लेन्स आणि चिप सिंबियनभोवती बेतून झाली होती. ती उचलून विंडोज फोनमध्ये बसवायची तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार होती. फोन टाकून द्यायचा की मावळत्या प्रणालीवर काढायचा, असे दोनच पर्याय उरले होते. तो निघाला हे छायाचित्रणाच्या दृष्टीने भाग्यच म्हणायचे. नाहीतर ही कल्पना व्यवहारात चालते याचा पुरावाच मिळाला नसता.

८०८ बाजारात येत असतानाच, १४ जून २०१२ला, नोकियाने दहा हजारांपर्यंत नोकऱ्या कमी करण्याची आणि फिनलंडमधला सालो येथील कारखाना बंद करण्याची घोषणा केली. स्वीडनच्या स्कॅलाडो या छायाचित्र-तंत्रज्ञानाच्या कंपनीची माणसे आणि तंत्र विकत घेण्याचा बेतही त्याच दिवशी जाहीर झाला. कॅमेऱ्यावरचा भरवसा तेवढा शाबूत होता. त्या सप्टेंबरात ‘प्युअरव्ह्यू’ हे नाव विंडोजवरच्या ल्युमिया ९२०ला मिळाले. त्यात मोठा सेन्सर नव्हता, हात स्थिर करणारी लेन्स होती. जानेवारी २०१३मध्ये नोकियाने सांगितले की ८०८ हाच सिंबियनवरचा शेवटचा फोन.

खरा वारस जुलै २०१३मध्ये न्यूयॉर्कला जाहीर झालेला ल्युमिया १०२०. पुन्हा ४१ मेगापिक्सेल, पण फोन सडपातळ व्हावा म्हणून सेन्सर १/१.५ इंची केला होता आणि पिक्सेल १.१२ मायक्रॉनपर्यंत उतरवले होते. मागून प्रकाश घेणारी रचना आणि हात सावरून घेणारी लेन्स, या ८०८मधल्या दोन्ही उणिवा इथे भरल्या. मात्र एक चित्र काढल्यावर पुढचे काढायला काही सेकंद थांबावे लागे. घरातले मूल एकदा हसून घेते आणि दुसरे हसू टिपायचे राहून जाते, असे ते वाट पाहणे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोन व्यवसाय घेण्याचे जाहीर केले आणि एप्रिल २०१४मध्ये व्यवहार पुरा झाला.

यानंतर काही वर्षे फोनचा कॅमेरा दुसऱ्या वाटेने सुधारला. गूगलच्या पिक्सेल फोनांनी २०१६पासून साध्याच, १२ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर भराभर बरीच चित्रे घेऊन ती एकावर एक रचली आणि सॉफ्टवेअरने एक स्वच्छ चित्र बनवले. सरासरीचे गणित तेच. ८०८ने ते एका क्षणी शेजारच्या पिक्सेलांवर केले होते, गूगलने ते लागोपाठच्या क्षणांवर केले. त्यासाठी जाड लेन्स लागत नव्हती, वेगवान प्रोसेसर लागत होता, आणि तो आता सगळ्यांकडे होता. मोठा सेन्सर घेण्याची गरजच नाही, असे मत त्या काळात बळावले.

ते टिकले नाही. २०१८मध्ये ह्वावेने पी२० प्रोमध्ये १/१.७ इंची, ४० मेगापिक्सेलचा सेन्सर बसवला आणि चार-चार पिक्सेल एकत्र करून १० मेगापिक्सेलची चित्रे दिली. त्याच वर्षी सोनीने चार शेजारी पिक्सेलांवर एकाच रंगाची काच असलेला ४८ मेगापिक्सेलचा सेन्सर आणला. वर्षभरात तो भारतातल्या मध्यम किमतीच्या फोनांतही दिसू लागला. ऑगस्ट २०१९मध्ये सॅमसंगने १०८ मेगापिक्सेलचा सेन्सर जाहीर केला. हे सेन्सर बांधणीत ८०८हून वेगळे आहेत, पण जास्त पिक्सेल मोजून कमी पिक्सेलचे चित्र देण्याचे तत्त्व तेच आहे. पाठीवरचा कॅमेऱ्याचा उंचवटाही परत आला, आणि या वेळी त्याबद्दल फारशी कुरकुर झाली नाही. कॅमेऱ्याची माणसे असलेल्या टाम्पेरेत २०१९मध्ये शाओमीने आपले कॅमेरा संशोधन केंद्र उघडले.

सिंबियनवरच्या ८०८ला व्हॉट्सअ‍ॅपने ३० जून २०१७पर्यंत साथ दिली. त्यानंतर पाच वर्षांनी, सप्टेंबर २०२२मध्ये, अ‍ॅपलने आयफोन १४ प्रो जाहीर केला. त्याचा मुख्य सेन्सर ४८ मेगापिक्सेलचा. नेहमीचे चित्र १२ मेगापिक्सेलचे, चार पिक्सेलांचा एक. दुप्पट झूमचे बटण दाबले की तो फोन सेन्सरच्या मधला १२ मेगापिक्सेलचा भाग एकाला एक घेतो, आणि एकही भिंग हलत नाही.